दूध संस्थेच्या फळ्यावरचं हवामान

लिहायला बसलो आहे खरा, पण आधी माफी मागून घेतो. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. अर्जसुद्धा आम्ही दुसऱ्याकडून लिहून घ्यायचो. कॉलेजात जाणारा मी घरातला पहिला, त्यामुळे चार माणसांनी वाचावं असं आपल्याकडे काही आहे का, हे मला खरंच कळत नाही. त्यातून विषय हवामानाचा. ते सांगायला मोठी शिकलेली माणसं आहेत, यंत्रं आहेत, वर उपग्रह फिरताहेत. मी बी.ए.ला भूगोल घेतलेला, रोज एसटीनं कोल्हापूरला ये-जा करणारा मुलगा. माझे अंदाज चुकतात, आणि कसे चुकतात तेही पुढे येईलच. तरी गेल्या कार्तिकात आमच्या गावात जे झालं ते आठवलं की अजून हसू येतं, आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. एवढ्याच धिटाईवर लिहितो आहे. जिथं चुकेन तिथं सांभाळून घ्या.

आमचं गाव राधानगरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. पावसाळ्यात आमच्याकडे हवामान सांगायला माणूस लागत नाही. रोज सकाळी उठून 'आज पडणार' म्हणावं, अंदाज बरोबर येतोच. जून ते सप्टेंबर आमच्या गावातली म्हशीची रेडकंसुद्धा हवामानतज्ज्ञ असतात. खरी परीक्षा दिवाळीनंतर. तेव्हा पहाटे गवतावर दव असतं, नदीच्या अंगानं धुकं चढतं, दुपारी मात्र मान भाजते. वारा दिशा बदलतो. आभाळ आठवडाभर निळंशार राहतं आणि मग एक दिवस पूर्वेकडून ढगांची पांढरी चादर सरकत येते. ती नुसती सावली देऊन जाईल की पाणी सांडेल, हे कुणालाच ठाऊक नसतं. आणि नेमकं त्याच दिवसांत भात शेतात असतं.

मला ह्या दिवसांचा नाद लागला तो वर्गातल्या एका कामामुळे. आमच्या भूगोलाच्या मॅडमनी सगळ्यांना महिनाभर हवामानाच्या नोंदी ठेवायला सांगितलं होतं. महिना संपला, बाकीच्यांनी नोंदी देऊन टाकल्या, मला थांबताच येईना. पाणी मोजायला कापलेली बाटली होती. दोन तापमापक होते, त्यातल्या एकाच्या टोकाला ओली वात बांधायची. दोन्हींत फरक जास्त असला की हवा कोरडी, फरक कमी झाला की हवेत पाणी आलं, असं समजायचं. वाऱ्याची दिशा बघायला दूध संस्थेच्या पत्र्यावर काठी रोवली आणि तिला आईच्या जुन्या साडीची पट्टी बांधली. आई ती पट्टी बघून म्हणाली होती, "चांगली व्हती की रं साडी. घरात नेसायला झाली असती. आता गावभर फडफडाय लागली." पण पुढे दळण आणायला जाता-येता ती मान वर करून बघायची, आणि घरी आल्यावर भाकरी थापता थापता सांगायची, "तुझी साडी आज राधानगरीकडं तोंड करून हाय."

दूध संस्थेत एक काळा फळा आहे. पशुखाद्य आलं, डॉक्टर येणार आहेत, अमक्या दिवशी सभा, असलं त्यावर लिहिलेलं असतं. गावातला प्रत्येक माणूस सकाळ-संध्याकाळ दूध घालायला तिथं येतो, म्हणून मी सचिवांना विचारून फळ्याचा खालचा कोपरा मागून घेतला. संस्थेचे सचिव म्हणजे दूध मोजणारे, फॅट काढणारे, भांडणं मिटवणारे आणि लावणारेही तेच. त्यांनी खडू हातात दिला आणि म्हणाले, "लिही. पण म्हशी बिथरतील असलं काय लिहू नको."

पहिल्याच दिवशी मी लिहिलं, 'उद्या हलक्या सरींची शक्यता.' सचिवांनी ते चष्म्यातून वाचलं आणि मला परत बोलावलं.

"शक्यता म्हंजे? पडतोय का न्हाय?"

"पडंलही, न पडंलही. तसंच सांगता येतंय काका."

"मग त्यात तुझं काय? तेवढं आमचं आमालाच कळतंय. मी माणसाला फॅट सांगताना शक्यता सांगतो काय? सहा लागंल, न्हाय तर साडेतीन बी लागंल, घे पैसे. चालंल?"

मागे रांगेतले हसले. मी 'शक्यता' पुसली. पुस्तकात जे शिकलो त्याच्या हे विरुद्ध आहे, हे मला ठाऊक होतं, आणि मॅडमना कळलं तर काय म्हणतील म्हणून मनात टोचतही होतं. पण दूध घालून घाईनं परतणाऱ्या माणसाला एकच गोष्ट ठरवायची असते, की आज वैरण बाहेर ठेवायची का आत घ्यायची. म्हणून मी एक तडजोड काढली. खात्री असेल तर सरळ 'पडणार' किंवा 'नाही' लिहायचं, आणि खात्री नसेल तर 'मला माहीत नाही' असं स्पष्ट लिहायचं. गंमत म्हणजे लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवायला सुरुवात केली ती ह्या 'मला माहीत नाही'मुळे. "न कळलेलं बी लिवतंय, म्हंजे कळलेलं खरं असणार," असं कुणीतरी म्हणाल्याचं आईनं घरी येऊन सांगितलं. माझं नावच पुढे 'हवामान' पडलं. एसटीचा कंडक्टरसुद्धा पास बघताना म्हणायचा, "काय हवामान, आज काच लावू का उघडी ठेवू?"

आता माझ्या चुलतीबद्दल सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्या भातासाठी झालं.

काकी एकटी असते. चुलते जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सासरी चंदगडला. ओढ्याकडेला तिचं भाताचं एक छोटं खाचर आहे आणि त्यात ती घनसाळ लावते. हे बारीक दाण्याचं, वासाचं भात आहे. एका घरात शिजलं की गल्लीला कळतं. बाकी गावात आता लवकर येणारी, बुटकी, जास्त पिकणारी भातं आली आहेत. घनसाळ उशिरा पिकतं, माणसाच्या छातीला लागेल एवढं उंच होतं आणि दाणा भरला की स्वतःच्याच वजनानं वाकायला लागतं. पिकतंही कमीच. पण काकीनं ते सोडलं नाही. बी तिचं तिच्या घरचंच असतं. दरवर्षी चांगल्या लोंब्या वेगळ्या काढून, वाळवून, मडक्यात राख घालून ठेवते.

त्याच्या आदल्या वर्षी कापून पडलेल्या भातावर कार्तिकातला पाऊस झाला होता. खाली ओलं, वर ऊन, आणि लोंबीतच दाण्याला कोंब फुटले. सगळं बी गेलं. मडक्याच्या तळाला पूर्वीचं थोडंसं राहिलं होतं, त्यातलंही जेमतेम उगवलं, आणि तेवढ्यावर तिनं हे वर्ष उभं केलं होतं. ह्या खेपेला पाऊस लागला असता तर मडक्यात काहीच उरलं नसतं. तिच्याकडचं घनसाळ संपलं असतं. बाजारात त्या नावाचं बी मिळतं, पण काकी म्हणायची, "त्याला वास येतोय, पर आपल्या भाताचा येत न्हाय." दिवाळीला आम्ही फराळ द्यायला गेलो तेव्हा तिनं मला सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, गाठून हळूच विचारलं होतं, "तुझ्या फळ्यावर माझ्या भाताचं काय हाय?" मी म्हणालो, अजून काही दिसत नाही. "दिसलं की पयला मला सांग," ती म्हणाली.

दिसलं ते एका शनिवारी. दोन दिवस दव कमी पडत होतं. पहाटे बांधावरून अनवाणी चाललं की पाय भिजायचे, ते नुसते दमट व्हायला लागले. ओल्या वातीच्या आणि कोरड्या तापमापकातलं अंतर मिटत आलं होतं. आईच्या साडीची पट्टी पूर्वेकडून फडफडत होती. मोबाइलवर उपग्रहाचं चित्र बघितलं तर बंगालच्या उपसागरावरचा ढगांचा गोळा तमिळनाडूवर चढून पश्चिमेकडे सरकत होता. त्याचा वेग मी कालच्या आणि आजच्या चित्रांवरून बोटांनी मोजला. कॉलेजच्या मैदानात बसून तीनदा तेच केलं आणि तीनदा तेच उत्तर आलं. संध्याकाळी एसटीतून उतरलो तो थेट दूध संस्थेत गेलो आणि लिहिलं, 'रविवार, सोमवार कोरडे. मंगळवारी संध्याकाळपासून पाऊस. दोन दिवस राहील.'

खडू खाली ठेवायच्या आतच गोंधळ सुरू झाला.

आमच्याकडे भातकापणी पैऱ्यानं होते. सात-आठ घरं मिळून एक पैरा. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी कुणी कुणाला देत नाही, माणसाला माणूस फेडायचा. पाळी आधीच ठरलेली असते. कापलेलं भात दोन दिवस शेतात पसरून वाळवावं लागतं आणि मग मळणी. म्हणजे मंगळवारी संध्याकाळी पाऊस यायचा असेल तर वाळून घरात येण्याजोगं भात फक्त एकाच दिवशी कापता येतं, ते म्हणजे रविवारी. हा हिशेब माझ्या डोक्यात होता. पण फळा सगळ्यांनी एकाच वेळी वाचला की सगळ्यांना एकच रविवार हवा होईल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हे कुठल्या पुस्तकातही नव्हतं.

"उद्या माझीच पाळी हाय," शेजारचे आबा म्हणाले. आबा म्हणजे आमच्या पैऱ्यातले सगळ्यात वडीलधारे. पाळ्या तेच लावतात. "ठरल्यालं हाय. कुणी मधी येऊ नगा."

"आबा, आमचं पार पिकून गेलंय," वरच्या आळीतली एक वहिनी किटली आपटत म्हणाली. "उद्याच्याला माणसं आमच्यात पायजेत."

"तुमचं पिकलंय, आमचं काय हिरवं हाय व्हय?"

"आवो, पण पाळी?"

"पाळी पावसाला सांगा की मग."

बघता बघता माणसं दोन्ही बाजूला मोजली जाऊ लागली. तू कुणाकडं येणार, तुझी जाऊ कुणाकडं येणार. सचिव मोजमाप थांबवून म्हणाले, "बघ हवामान, दोन ओळी लिवल्यास आन् पैरा मोडला." ते चेष्टेनं म्हणाले, पण मला ते लागलं.

काकी भिंतीकडेला तिची लहान किटली घेऊन उभी होती. तिची पाळी बुधवारी होती. म्हणजे भर पावसात. माझ्या अंदाजानं तिला काय दिलं तर तीन दिवस आधी घोर. तिनं माझ्याकडे बघितलं आणि 'ऱ्हाऊ दे' अशी मान हलवली. ते मान हलवणं मला बघवलं नाही.

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. वर्गातही हजेरी सोडून माझा आवाज फारसा कुणी ऐकलेला नाही. पण त्या वेळी बोललो. म्हणालो, "आबा, पाऊस येणार, पण वारं न्हाय येत. हा पाऊस रिपरिप लागणारा हाय. उभ्या भाताला रिपरिप काय करत न्हाय, दोन दिवसांनी उन्हं पडली की वाळतंय. नुकसान कापून पडलेल्या भाताचं हाय. म्हंजे ज्याचं भात उभं ऱ्हाऊ शकतंय त्यानं कापूच नये. ज्याचं आपोआप लोळतंय तेवढंच उद्या कापायचं."

"आपोआप कुणाचं लोळतंय?" वहिनीनं विचारलं, आणि विचारता विचारताच तिची नजर काकीकडे गेली. घनसाळ सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मग आबांनी पटक्याचं टोक सोडून परत खोचलं. "वारं न्हाय म्हणतोस?"

"न्हाय."

"फळ्यावर लिव."

मी खडू उचलला आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'वारा नाही.' त्याआधी मी कुठल्याच गोष्टीची एवढी खात्री दिली नव्हती.

आबा ते बघून म्हणाले, "बरं. उद्या सगळा पैरा हिच्या खाचरात. माझं उभं ऱ्हाऊ दे. आन् ऐक, वारं आलं न्हवं, तर तुलाच न्हेऊन उभा करतो माझ्या शेतात. टेकू म्हणून."

ह्यावर वरच्या आळीतली वहिनीसुद्धा हसली. "ह्याचा टेकू कसला आबा, ह्यालाच धरायला दोघं लागतील." भांडण तिथंच संपलं. काकीनं दूध घातलं, किटली विसळली, आणि जाता जाता सचिवांच्या टेबलापाशी थांबून म्हणाली, "उद्या जेवान माझ्यात. सगळ्यांनी या. मी बघतो काय हाय ते." मग पदर डोक्यावर ओढून घाईनं निघून गेली. एवढ्या माणसांचं जेवण करायचं होतं तिला.

तो रविवार माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी एक आहे. सकाळी दव पडलं होतं, पातळ का होईना, आणि मला कुणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखं वाटलं. दव म्हणजे वर आभाळ मोकळं, म्हणजे दिवस कोरडा. पैऱ्यातली सगळी घरं आली होती. आबा बांधावर बसून विळ्यांना धार लावून देत होते. बायका एका रांगेत वाकल्या आणि खाचराच्या एका कडेनं भात आडवं व्हायला लागलं. घनसाळ कापताना जो वास येतो तो शिजलेल्या भातासारखा नसतो. थोडा हिरवा, थोडा दुधाचा असतो. मूठभर ताटं कापली की तो हाताला लागतो.

मला रांगेत मध्येच घेतलं होतं, मुद्दाम. दोन्ही बाजूच्या पुढे गेल्या की मी मागे एकटा पडायचो.

"हवामान, मागं काय शोधतोयस? ढग सांडला काय?"

"कमरंतनं वाक की रं. कालेजात वाकायला शिकवत न्हाईत व्हय?"

"न्हाई गं, तिथं वर बघायलाच शिकवत्यात."

काकी हे ऐकत ऐकत मागून पेंढ्या पसरत येत होती. एकेक पेंढी ती उन्हाकडे लोंब्या करून ठेवायची, मोकळी, एकमेकीला न चिकटेल अशी. तिनं मला हाक मारली आणि हळू आवाजात विचारलं, "बाळा, मंगळवारी संध्याकाळी म्हंजे किती वाजता?" मी म्हणालो, दिवस मावळताना. तिनं मान डोलावली, आणि मला कळलं की ती आता घड्याळ त्यावर लावून बसणार.

दुपारी बांधावर जेवण झालं. भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा खर्डा आणि घट्ट दही. आबांनी खर्डा दोनदा मागून घेतला आणि नाक पुसत म्हणाले, "पाऊस येऊंद्या न्हाय तर न येऊंद्या, आमच्या डोळ्यातनं आलाच." समोर ओढ्यापलीकडे उसाच्या फडात तोड चालू होती, लांब कुठंतरी गुऱ्हाळ पेटलं होतं आणि गुळाचा वास अधूनमधून येत होता. निळ्या आभाळात एक ढग नव्हता. सगळे वर बघायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. पण त्या बघण्यात राग नव्हता. मी इतका खूष होतो की दोन भाकरी जास्त खाल्ल्या, आणि संध्याकाळपर्यंत वाकता येईना.

सोमवारी मला कोल्हापूरला जावं लागलं. मंगळवारी पेपर होता, आणि एसटीचा ऐन वेळी भरवसा नाही म्हणून मित्राच्या खोलीवर राहायला गेलो. तिथून सचिवांना फोन केला. ढगांचा गोळा होता त्याच वाटेनं, त्याच वेगानं येत होता. "तेच लिहा काका," मी सांगितलं. "मंगळवारी संध्याकाळपासून पाऊस. मळणी त्याआधी उरकायला सांगा." "सांगतो की," ते म्हणाले. "तू पेपराचं बघ."

मंगळवारी पेपर दुपारचा होता. अर्थशास्त्राचा. मला खिडकीजवळची जागा मिळाली आणि तेच वाईट झालं. पेपर सुरू झाला तेव्हा बाहेर फिकं ऊन होतं. पहिला प्रश्न सोडवून मान वर केली तर मैदानावरची सावली गेली होती. सगळंच सावलीत होतं. दुसऱ्या प्रश्नाला पर्यवेक्षकांनी वर्गातले दिवे लावले. मी वर न बघायचं ठरवलं. मागणी आणि पुरवठा यांचा आलेख काढत होतो तेव्हा एकदाच गडगडलं आणि पत्र्यावर टपटप वाजायला लागलं. भर दुपार होती. मी संध्याकाळ सांगितली होती. आलेखातल्या दोन्ही रेघा मी एकाच दिशेनं काढल्या, आणि लक्षात आल्यावर खोडून परत काढल्या.

माझ्या डोळ्यांसमोर खाचर होतं. दुपारी जेवून, थोडं टेकून, आता मळणीला लागू म्हणून निघालेली माणसं. लोंब्या अजून पसरलेल्या. काकी दिवस मावळायच्या हिशेबानं सावकाश ताडपत्री घेऊन येत असलेली. ढग पूर्वेकडून येत होता, म्हणजे आधी कोल्हापूर आणि मग आमचं गाव, हे मला माहीत होतं. पण मध्ये अंतर किती, तर एसटीनं दीड-दोन तासांचं. ढगाला किती लागेल? मी पेपराच्या मागच्या पानावर तेही मांडून बघितलं, आणि मग पर्यवेक्षक आले म्हणून खोडलं.

पेपर देऊन बाहेर पडलो. सचिवांना फोन लागेना. आईला लागेना. आबांच्या मुलाला लागेना. पाऊस आला की आमच्याकडची वीज जाते आणि विजेबरोबर मोबाइलचा टॉवरही जातो. म्हणजे फोन न लागणं हेच तिथं पाऊस पोचल्याचं लक्षण होतं. त्या वेळी ह्या शहाणपणाचा मला काही उपयोग नव्हता. मी भिजत रंकाळा स्टँडवर गेलो आणि राधानगरीकडच्या गाड्या लागतात तिथं उभा राहिलो.

पहिली गाडी आली ती आमच्या गावावरून येणारी नव्हती. उतरणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "पावणं, तिकडं पाऊस हाय काय?"

"हाय की. चांगला लागलाय."

"कवापासनं?"

"आता मी काय घड्याळ बघत बसलो व्हय? निघालो तवा लागलावता." एवढं बोलून त्यांनी डोक्यावर पोतं घेतलं आणि ते चालते झाले.

पुढची गाडी बराच वेळ आली नाही. चहाच्या गाड्यापाशी उभा राहिलो, चहा घेतला, तो हातातच निवला. मग आमची गाडी वळणावर दिसली, काचा सगळ्या लावलेल्या. रोजचाच कंडक्टर दारात उभा होता. मला बघून तो उतरायच्या आधीच ओरडला, "ए हवामान, तुझा पाऊस आज पाळीच्या आधी आला की."

"भात?" मी विचारलं.

"आरं, थांब. भरपूर निरोप हायत, वळीनं सांगू दे." त्यानं तिकिटांचं मशीन काखेला मारलं आणि बोटं मोजायला लागला. तुमच्या दूध संस्थेसमोर गाडी थांबली तेव्हा सचिव छत्री घेऊन रस्त्यातच उभे होते, म्हणाला. त्यांनी सांगायला सांगितलंय की तू फोनवर संध्याकाळ म्हणालास, पण फळ्यावर त्यांनी दुपार लिहिली होती. संध्याकाळ लिहिली की आपली माणसं दुपारी उठणार, हे त्यांना ठाऊक. त्यामुळे सगळा पैरा सकाळचं दूध घालून सरळ खाचरात गेला, आणि चुलीवरचा चहा उकळायच्या आत मळणीला लागला.

"मग?"

"मग काय, वारं न्हवतं. तुमचे आबा बी व्हते तिथं, सांग म्हणाले की त्यांचं भात उभं हाय, टेकू लागला न्हाय. मला काय कळलं न्हाय, तुला कळत असंल."

मला कळलं. "आणि काकी?"

कंडक्टर हसला. काकी गाडीच्या खिडकीपर्यंत भिजत आली होती, म्हणाला, डोक्यावर रिकामं पोतं घेऊन, आणि दोनदा घोकून घेतलं त्याच्याकडून, निरोप इकडचा तिकडं होऊ नये म्हणून. तो तिच्याच आवाजात बोलला.

"सांग त्याला, पयला थेंब पडला तवा शेवटचं पोतं सोप्यात आलंवतं. दाणा कोरडा हाय. बियाचं मी येगळं काढलंय."